वनरक्षकांची गस्त बारा महिने चालावी म्हणून: निधी उभारणीचा सविस्तर मार्ग

नेपाळच्या चितवन राष्ट्रीय उद्यानात २००० साली ५४४ एकशिंगी गेंडे होते. २००५ च्या गणनेत ३७२ उरले. मधल्या काळात देशात सशस्त्र संघर्ष पेटला होता. उद्यानाची राखण करणाऱ्या सैन्याच्या बऱ्याचशा छोट्या चौक्या उठवून जवानांना मोजक्या मोठ्या तळांवर आणलं गेलं. जंगल तेच होतं, कायदाही तोच होता, गस्त मात्र आटली. पुढे संघर्ष संपला, चौक्या पुन्हा भरल्या, गावकऱ्यांचे गट राखणीला जोडले गेले, आणि २०११ या पूर्ण वर्षात नेपाळमध्ये एकाही गेंड्याची चोरटी शिकार झाली नाही. २०२१ च्या गणनेत एकट्या चितवनमध्ये ६९४ गेंडे मोजले गेले.

वनरक्षकांसाठी पैसे गोळा करायला निघणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास आधी वाचावा असं मला वाटतं. गस्त थांबली की ते शिकाऱ्याला कळतं, आणि फार लवकर कळतं. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे माझा आग्रह एकच आहे: पैसा असा उभा करा की गस्त बाराही महिने चालेल. वर्षातून एकदा वाजतगाजत आलेली मोठी रक्कम कामाला येतेच, पण महिन्याच्या महिन्याला न चुकता येणारी लहान रक्कम जास्त प्राणी वाचवते.

गरज किती मोठी आहे याचा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासातून येतो. जगभरात वनरक्षक आहेत सुमारे २ लाख ८६ हजार. २०३० पर्यंत पृथ्वीचा ३० टक्के भाग संरक्षित करण्याचं जे उद्दिष्ट देशांनी डिसेंबर २०२२ मध्ये जैवविविधतेच्या कुन्मिंग-माँट्रियल आराखड्यात मान्य केलं, ते नीट पेलायला १५ लाखांहून अधिक लागतील. ही दरी तुम्ही-आम्ही भरून काढू शकत नाही, ते सरकारांचं काम आहे. पण एका विशिष्ट जंगलातल्या एका विशिष्ट तुकडीचे पाय चालते ठेवणं आपल्या आवाक्यात नक्की आहे.

पहिली पायरी: आधी विचारा, मग मागा

काय लागतं हे घरात बसून ठरवू नका. ज्या तुकडीला मदत करायची आहे, तिच्या प्रमुखाशी बोला, आणि जमलं तर प्रत्यक्ष गस्त घालणाऱ्या दोन-तीन जणांशी वेगळं बोला. दोघांची उत्तरं सहसा सारखी येत नाहीत. प्रमुखाच्या यादीत गाडी, ड्रोन, संगणक असतात. रक्षकाच्या यादीत पिण्याच्या पाण्याचा फिल्टर, मच्छरदाणी, टॉर्चची बॅटरी आणि वेळेवर पगार. दोघंही खरं बोलत असतात, पण दुसरी यादी निधीच्या आवाहनांत क्वचितच दिसते. वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचरने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २८ देशांतल्या ७,११० वनरक्षकांशी बोलणं झालं होतं. त्यांतल्या जवळपास एक चतुर्थांश जणांना आदल्या वर्षभरात मलेरिया होऊन गेला होता. मच्छरदाणी आणि औषधं किती गस्ती वाचवतील, हे त्यावरून ओळखावं.

बुटांचंच घ्या. ओढे, काटे आणि खडक तुडवत रोज मैलोन्‌मैल चालणाऱ्या माणसाचा बूट फार काळ टिकत नाही. आधी टाचेची शिलाई उसवते. मग तळवा पुढून उघडतो आणि दर पावलाला खडे आत ओढतो. रक्षक तो हाताशी असेल त्या तारेने नाहीतर दोरीने बांधतो आणि चालत राहतो, पण त्या दिवशी तो दहाऐवजी सहा किलोमीटरच चालतो. म्हणून ‘बूट हवेत’ एवढी नोंद पुरत नाही. प्रत्येकाचं माप, जमीन दलदलीची की खडकाळ, ओला बूट रात्रीत वाळतो का, सोबत मोजे किती, आणि पुढची जोडी कोणत्या महिन्यात लागेल, हे सगळं लिहून घ्या. तुकडीत स्त्रिया असतील तर त्यांची मापं वेगळी विचारा. दक्षिण आफ्रिकेच्या बालुले अभयारण्यात २०१३ पासून काम करणारी ‘ब्लॅक मांबा’ ही तुकडी मुख्यतः स्त्रियांची आहे आणि ती विनाशस्त्र गस्त घालते. अशा तुकडीला पुरुषांच्या मापाचे बूट आणि रेनकोट पाठवले तर ते कोठीत पडून राहतात.

गरजांची यादी हातात आली की तिचे तीन भाग पाडा. दर महिन्याला लागणारं: पगाराची तूट, गस्तीचा शिधा, इंधन, विमा. वर्षातून एकदा-दोनदा लागणारं: बूट, गणवेश, तंबू, प्रथमोपचार प्रशिक्षण. आणि एकदाच लागणारं: वायरलेस संच, रिपीटर (वायरलेसचा संदेश दूरवर पोचवणारं यंत्र), सोलर पॅनल, गाडी. लोकांना तिसऱ्या भागासाठी पैसे द्यायला आवडतं, कारण त्याचा फोटो निघतो. काम अडतं ते पहिल्या भागावाचून. गाडी मिळाली आणि डिझेलला पैसे नाहीत, ही अवस्था कितीतरी चौक्यांवर आहे. त्यामुळे एकदाच लागणाऱ्या कोणत्याही वस्तूसाठी निधी मागताना तिची दोन-तीन वर्षांची देखभाल त्याच रकमेत धरा.

दुसरी पायरी: मदत कोणामार्फत जाणार

वनरक्षक सरकारी नोकर असेल तर त्याच्या हातात थेट पैसे देता येत नाहीत, आणि देऊही नयेत. त्यातून त्याच्यावर लाचखोरीचा आळ येऊ शकतो. अशा ठिकाणी उद्यानाशी लेखी करार असलेली संस्था किंवा उद्यानाचं अधिकृत प्रतिष्ठान शोधा. भारतातल्या व्याघ्र प्रकल्पांसाठी अशी प्रतिष्ठानं कायद्यानेच स्थापन झालेली आहेत. समाजाने किंवा खासगी अभयारण्याने नेमलेले रक्षक असतील तर त्यांना पगार देणारी संस्था कोणती, तिची नोंदणी आहे का, लेखापरीक्षण झालेले हिशेब ती दाखवते का, हे पाहा.

परदेशातल्या तुकडीला मदत करायची असेल किंवा परदेशातून देणगी घ्यायची असेल, तर दोन्ही देशांचे नियम तपासल्याशिवाय एक पैसाही गोळा करू नका. भारतात विदेशी देणगीला विदेशी अंशदान नियमन कायदा, २०१० लागू होतो आणि त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ती घेताच येत नाही. इतर देशांतही देणगीचं आवाहन करायला परवाना, करसवलतीसाठी वेगळी मान्यता असे नियम असतात. एखाद्या जाणत्या सनदी लेखापालाला तासभर देऊन हे आधी विचारून घ्यावं.

भागीदार संस्थेला आणखी एक प्रश्न विचाराच: रक्षकांच्या वागणुकीची आचारसंहिता आहे का, आणि तिच्याविरुद्ध तक्रार आली तर काय होतं? हा प्रश्न अवघड वाटतो, पण टाळू नका. रक्षकांनी जंगलालगतच्या लोकांना मारहाण केल्याचे, छळ केल्याचे आरोप काही देशांत झाले आहेत. २०१९ मध्ये अशा आरोपांनंतर वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचरला स्वतंत्र समिती नेमावी लागली आणि तिचा अहवाल नोव्हेंबर २०२० मध्ये आला. आंतरराष्ट्रीय रेंजर महासंघाने २०२१ मध्ये जगभरातल्या वनरक्षकांसाठी आचारसंहिता प्रसिद्ध केली आहे. भागीदार संस्था ती पाळते का, गावकऱ्यांना तक्रार करायला जागा आहे का, प्रशिक्षणात मानवी हक्कांचा भाग आहे का, याची लेखी उत्तरं घ्या. ज्या जंगलात शेजारची गावं रक्षकांना घाबरतात, तिथे शिकाऱ्याची खबर कोणी देत नाही. चांगली वागणूक हेच तिथलं सगळ्यांत मोठं संरक्षण असतं.

शस्त्रं आणि दारूगोळा यांसाठी लोकवर्गणी करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. ते सरकारचं काम आहे, त्याची जबाबदारी सरकारनेच घ्यावी. कायद्याचे अडथळे आहेत ते वेगळेच.

तिसरी पायरी: आकडा

‘जमेल तेवढं द्या’ या आवाहनाला लोक जमेल तेवढंच देतात, म्हणजे फार थोडं. एका रक्षकाचा एका महिन्याचा खरा खर्च काढा. त्यात तुम्ही उचलणार असलेला पगाराचा भाग, शिधा, इंधनाचा वाटा, विम्याचा हप्ता, बूट-गणवेशाचा बारावा हिस्सा, बँकेचे आणि ऑनलाइन मंचाचे शुल्क, आणि भागीदार संस्थेचा व्यवस्थापन खर्च धरा. ही तुमची मोजपट्टी, तिला ‘रक्षक-महिना’ म्हणू.

समजा तुकडी दहा जणांची आहे. म्हणजे महिन्याला दहा रक्षक-महिने, वर्षाला १२०. एक देणगीदार दर महिन्याला पाव रक्षक-महिना द्यायला तयार असेल तर असे ४० देणगीदार लागतील. काही जण मध्येच सोडणारच, म्हणून ५० चं लक्ष्य ठेवा. अर्धा रक्षक-महिना देणारे दहा जण मिळाले तर पाव देणारे २० पुरतील, आणि गळती धरून २५. असं मांडलं की डोंगराएवढी वाटणारी रक्कम माणसांच्या संख्येत उतरते, आणि ५० माणसं म्हणजे कोण हे कागदावर नावानिशी लिहिता येतं.

व्यवस्थापन खर्च लपवू नका. ‘तुमची शंभर टक्के देणगी थेट जंगलात’ असं लिहिणाऱ्या मोहिमांमध्ये तो खर्च कोणीतरी दुसरा उचलत असतो, नाहीतर कुठेतरी दडलेला असतो. हिशेब ठेवणारा माणूस, लेखापरीक्षण, पैसे पाठवण्याचं शुल्क हे लागतंच. किती आणि कशासाठी हे सरळ सांगितलं की समंजस देणगीदार आक्षेप घेत नाही.

सुरुवात करण्याआधी तीन महिन्यांच्या खर्चाइतकी राखीव रक्कम उभी करण्याचं उद्दिष्ट ठेवा. २०२० मध्ये साथीमुळे पर्यटन एका झटक्यात थांबलं आणि आफ्रिकेतल्या कितीतरी संरक्षित क्षेत्रांत, जिथे पर्यटकांच्या पैशावर पगार निघत होते, तिथे रक्षकांचे पगार कापले गेले. उत्पन्नाचा एकच झरा असणं किती धोक्याचं आहे हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

चौथी पायरी: जाहीर करण्याआधीचे काही आठवडे

मोहीम जाहीर करण्याच्या दिवशी खात्यात शून्य असेल तर ती सहसा शून्याच्या आसपासच घुटमळते. आधी ओळखीच्या माणसांकडे जा. तुमचे मित्र, जंगलात सोबत भटकणारे, पक्षीनिरीक्षक, छायाचित्रकार, त्या उद्यानात जाऊन आलेले पर्यटक. प्रत्येकाला वेगळा फोन करा, सामूहिक संदेश नको. उद्दिष्टाचा चौथा ते तिसरा हिस्सा असा शांतपणे जमला की मगच जाहीर आवाहन करा. अनोळखी माणूस पहिला देणगीदार व्हायला कचरतो, एकविसावा व्हायला कचरत नाही.

फोनवर काय बोलायचं? रक्कम नेमकी सांगा आणि मग गप्प बसा. ‘दर महिन्याला पाव रक्षक-महिना, वर्षभर, जमेल का?’ बहुतेकांना हे विचारून झाल्यावर स्वतःच घाईने ‘नाही जमलं तरी हरकत नाही’ असं म्हणायची सवय असते. ते वाक्य गाळा. समोरच्याला विचार करू द्या.

पाचवी पायरी: आवाहनाचा मजकूर

एक नमुना देतो. आपापल्या तुकडीप्रमाणे तो बदलून घ्या.

‘पावसाळ्यात जंगलातल्या वाटा बंद होतात, पण गस्त बंद होत नाही. वनरक्षक आठवडा-आठवडा बाहेर राहतात. शिधा, तंबू, औषधं, बॅटऱ्या सगळं पाठीवर. शिकारी याच दिवसांत तारेचे फासे लावतात, कारण रक्षक येणार नाहीत असं त्यांना वाटतं. आम्हाला हे रक्षक पावसाळ्यातही बाहेर राहायला हवे आहेत. एका रक्षकाचा एका महिन्याचा खर्च अमुक आहे. त्याचा चौथा हिस्सा तुम्ही वर्षभर उचलाल का? दर तीन महिन्यांनी किती गस्ती झाल्या आणि पैसे कुठे गेले याचा हिशेब तुम्हाला मिळेल.’

यात काय आहे ते पाहा: एक प्रसंग, एक कारण, एक आकडा, एक प्रश्न, एक वचन. आणि काय नाही तेही पाहा. जंगलाचा कोणता भाग, किती रक्षक, कोणत्या तारखांना बाहेर, यातलं काहीच नाही. याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

दया येईल अशा भाषेत रक्षकांबद्दल लिहू नका. ही कुशल माणसं आहेत. मातीत उमटलेल्या अर्ध्या टाचेवरून माणूस ओझं घेऊन गेला की रिकामा, हे ती सांगतात. त्यांच्या कौशल्याबद्दल लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात आदर येतो, आणि आदराने दिलेली देणगी टिकते.

सहावी पायरी: काय दाखवायचं नाही

निधीसाठी टाकलेला फोटो शिकाऱ्याच्याही हाती पडतो. या पायरीवर कोणतीही सूट देऊ नका.

मोबाइलने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. फोटो टाकण्याआधी ती माहिती काढून टाका. मागे ओळखू येणारी टेकडी, पाणवठा, दिशादर्शक पाटी असेल तर फोटो कापा नाहीतर वापरूच नका. गेंडा, मोठे सुळे असलेला हत्ती, पिल्लांसह वाघीण अशा प्राण्यांचे ताजे फोटो जागा आणि वेळ सांगून टाकू नका, काही महिने जाऊ द्या. गस्तीचं थेट प्रक्षेपण नको. चौकीच्या आतल्या भिंतीवरचा नकाशा, पाळ्यांचा तक्ता, वायरलेसची वारंवारता लिहिलेला कागद फोटोच्या कोपऱ्यात तर आलेला नाही ना, हे मोठं करून पाहा. देणगीतून घेतलेल्या साधनांची संपूर्ण यादी जाहीर करू नका. कोणत्या तुकडीकडे रात्री पाहण्याची साधनं आहेत आणि कोणाकडे नाहीत, हे शिकाऱ्याला कशाला सांगायचं?

रक्षकाचा चेहरा आणि नाव वापरायचं असेल तर त्याची लेखी संमती घ्या, आणि ती साहेबासमोर नाही तर एकट्याला विचारून घ्या. शिकारी पुष्कळदा त्याच पंचक्रोशीतले असतात. रक्षकाची बायको त्याच बाजारात जाते, मुलं त्याच शाळेत. हातात सुळे धरून उभा असलेला त्याचा फोटो तुमच्या पानावर महिनाभर चमकेल, त्याचे परिणाम मात्र त्याच्या घरच्यांना वर्षानुवर्षं भोगावे लागतील.

रक्ताने माखलेल्या प्राण्यांचे फोटो? मी वापरत नाही. लोक नजर वळवतात आणि पान बंद करतात.

सातवी पायरी: पैसे कुठून येतील

मासिक देणगीदार हा कणा. त्याभोवती बाकीचं जोडा.

३१ जुलै हा जागतिक रेंजर दिन. आंतरराष्ट्रीय रेंजर महासंघाची स्थापना १९९२ मध्ये त्या दिवशी झाली आणि २००७ पासून तो जगभर पाळला जातो. वर्षभराच्या मोहिमेला हा चांगला खुंटा आहे. जूनमध्ये तयारी, ३१ जुलैला जाहीर आवाहन, ऑगस्टमध्ये आभार आणि पहिला हिशेब.

चालण्या-धावण्याचे उपक्रम या कामाला शोभतात, कारण वनरक्षकाचं कामच चालण्याचं. २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘वाइल्डलाइफ रेंजर चॅलेंज’मध्ये आफ्रिकेतल्या वनरक्षकांच्या तुकड्या पाठीवर २२ किलोचं ओझं घेऊन २१ किलोमीटर धावतात, आणि जगभरातले लोक आपापल्या ठिकाणी सोबत धावून निधी जमवतात. लहान प्रमाणावर हे कोणालाही करता येतं: भरलेली पाठपिशवी घेऊन ठरावीक अंतर चालायचं आणि प्रत्येकाने आपल्या ओळखीच्या लोकांकडून किलोमीटरमागे देणगी मिळवायची. वैद्यकीय सोय ठेवा, आणि सवय नसलेल्यांना पूर्ण वजन उचलायला लावू नका.

छायाचित्रकारांकडे जा. २०२० मध्ये ‘प्रिंट्स फॉर वाइल्डलाइफ’ या उपक्रमात वन्यजीव छायाचित्रकारांनी आपल्या चित्रांच्या छापील प्रती विकून आफ्रिकन पार्क्स या संस्थेसाठी पैसे उभे केले. ज्या प्राण्यांनी या मंडळींना नाव दिलं, त्यांच्या राखणदारांसाठी ती आनंदाने पुढे येतात असा अनुभव आहे. फक्त छपाईचा आणि पाठवणीचा खर्च आधी ठरवा, नाहीतर विक्री होते आणि हातात काही उरत नाही.

कंपन्यांकडे पैशाऐवजी त्यांचा माल किंवा सेवा मागितली तर होकार लवकर येतो: बूट, टॉर्च, सोलर दिवे, विमा, मालवाहतूक. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या देणगीइतकीच भर कंपनीने घालावी ही मागणीही करून पाहा. पण जी कंपनी त्याच जंगलात खाण, धरण किंवा रस्ता रेटते आहे, तिचे पैसे घेऊ नका. रक्षकांची कोंडी होते.

मोठ्या संस्थांची अनुदानं हा वेगळा मार्ग आहे. अर्ज लांबलचक, निकाल उशिरा, पैसे त्याहून उशिरा. पहिल्या वर्षी त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. वर्षभराचे नीट हिशेब हातात असले की मग अर्ज करा.

आठवी पायरी: पैसा हाताळणं

स्वतंत्र बँक खातं, दोन सह्या, प्रत्येक देणगीची पावती. स्वतःच्या वैयक्तिक खात्यात एकही देणगी घेऊ नका, ‘तात्पुरती’ म्हणूनसुद्धा नाही. आवाहनात एक वाक्य पहिल्या दिवसापासून असू द्या: ‘उद्दिष्टापेक्षा जास्त किंवा कमी रक्कम जमल्यास ती याच तुकडीच्या गस्तीखर्चासाठी वापरली जाईल.’ हे वाक्य नसेल तर उरलेल्या पैशाचं काय करायचं यावरून चांगली माणसं एकमेकांत भांडतात.

भागीदार संस्थेला सगळी रक्कम एकदम देऊ नका. तीन-तीन महिन्यांचे हप्ते पाडा आणि मागच्या हप्त्याचा हिशेब आला की पुढचा सोडा. मात्र हिशेब चार दिवस उशिरा आला म्हणून पगाराचे पैसे अडवू नका. कागद कारकुनाकडे अडकतो आणि उपाशी राहतो रक्षक. म्हणून पगार आणि शिध्याची रक्कम वेगळी ठेवा, तिला आधी वाट द्या.

वस्तू पाठवायचा मोह होतोच. शक्यतो पैसे पाठवा आणि खरेदी तिथेच होऊ द्या. परदेशात पाठवलेल्या मालावर सीमाशुल्क लागतं. वायरलेस संचाला परवाना लागतो, ड्रोनला परवानगी, आणि रात्री पाहण्याच्या साधनांवर निर्यातीचे निर्बंध असतात. झिंबाब्वे आणि झांबियासारख्या देशांत सामान्य नागरिकाने लष्करी छपाईचे कपडे वापरायलाच बंदी आहे, त्यामुळे तसल्या कापडाची खोकी विमानतळावर अडकून पडतात. आणि जुने, वापरलेले बूट कोणालाही पाठवू नयेत.

नववी पायरी: काम झालं हे कसं दाखवायचं

इथे फार जपून पावलं टाका. देणगीदाराला आकडा हवा असतो आणि सगळ्यांत सोपा आकडा म्हणजे ‘किती फासे काढले’. तारेचा फासा म्हणजे बहुधा दुचाकीची क्लच किंवा ब्रेकची तार, एका टोकाला सरकती गाठ, दुसरं टोक झाडाला. जनावराच्या वाटेवर, त्याच्या मानेच्या किंवा पायाच्या उंचीवर, पानांत लपवलेला. उभं राहून पाहिलं तर दिसत नाही. रक्षक वाकतो, उजेड कोणत्या बाजूने येतो ते पाहतो, आणि मग ती बारीक रेघ त्याला दिसते. २०२० मधल्या वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचरच्या अंदाजानुसार कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनाम या तीन देशांच्या संरक्षित क्षेत्रांत मिळून असे १ कोटी २३ लाख फासे होते.

आता समजा तुमच्या पैशामुळे गस्त दुप्पट झाली आणि सापडलेले फासेही दुप्पट झाले. शिकार वाढली की शोध वाढला? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून गस्तीच्या दर किलोमीटरमागे किती फासे सापडले, तेही त्याच भागात आणि त्याच ऋतूत, असं प्रमाण मागा. ते वर्षानुवर्षं घटत गेलं तर काम होतंय असं म्हणायला आधार आहे. गस्तीची नोंद ठेवणारी ‘स्मार्ट’सारखी प्रणाली अनेक देशांत वापरात आहे, भारतातल्या व्याघ्र प्रकल्पांत ‘एम-स्ट्राइप्स’ आहे. भागीदाराला वेगळे तक्ते भरायला लावण्यापेक्षा याच नोंदींचा गोषवारा घ्या, तोही ठिकाणं वगळून.

फाशामागे बक्षीस देण्याची कल्पना कोणीतरी सुचवेलच. ठामपणे नाही म्हणा. तार स्वस्त असते, आणि बक्षिसासाठी फासे तयार करणारे निघतात. रक्षकाचं लक्षही मग माणसांच्या मागावरून हटून तारांच्या मोजणीकडे वळतं.

‘तुमच्या देणगीने इतके गेंडे वाचले’ असं कधीही लिहू नका. सांगता येण्यासारखं खरं पुष्कळ असतं: किती गस्ती-दिवस झाले, किती किलोमीटर, कोणत्या महिन्यात खंड पडला आणि का, किती जणांचं प्रथमोपचार प्रशिक्षण झालं, कोणती खरेदी लांबली. खंड पडला तेही सांगा. देणगीदाराचा विश्वास अशाच ओळीवर बसतो.

रक्षक जखमी झाला किंवा गेला तर

हा विचार मोहिमेच्या पहिल्याच बैठकीत व्हायला हवा. काँगोमधलं विरुंगा हे १९२५ मध्ये स्थापन झालेलं आफ्रिकेतलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले २०० हून अधिक रक्षक आजवर मारले गेले आहेत. २४ एप्रिल २०२० या एका दिवसात १२ गेले. त्याच विरुंगाचा समावेश असलेल्या डोंगररांगांत पर्वतीय गोरिलांची संख्या वाढली आणि एकूण संख्या हजारापुढे गेली. २०१८ मध्ये ते ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून एक पायरी वर आले. ही दोन्ही वाक्यं मला एकत्रच वाचावी लागतात.

आणि मरण फक्त गोळीने येत नाही. गाडीचे अपघात, पूर, सर्पदंश, हत्तीचा किंवा वाघाचा हल्ला, वेळेवर न मिळालेली औषधं हेही त्याच नोकरीतलं. म्हणून विमा असेल तर त्यात नेमकं काय येतं हे वाचून घ्या. वन्यप्राण्याचा हल्ला आणि सशस्त्र चकमक ही दोन कारणं बऱ्याच पॉलिसींतून वगळलेली असू शकतात. कंत्राटी आणि रोजंदारी रक्षक त्यात धरलेत का, हेही पाहा. सगळ्यांत कमी संरक्षण त्यांनाच असतं.

कुटुंबासाठी वेगळा निधी ठेवा, गस्तीच्या निधीत तो मिसळू नका. पहिल्या काही दिवसांत हाती लागेल अशी रक्कम, त्यानंतर ठरावीक काळ दरमहा मदत, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च, अशी रचना आधीच लिहून ठेवा. दुःखाच्या दिवशी समितीची बैठक बोलावून रक्कम ठरवायची वेळ येऊ नये. घटनेनंतर जाहीर आवाहन करायचं असेल तर कुटुंबाची परवानगी घ्या, आणि ती मागायला त्यांच्या ओळखीच्या माणसालाच पाठवा.

दुसरं वर्ष

पहिल्या वर्षीचे देणगीदार दुसऱ्या वर्षी टिकवणं नवे मिळवण्यापेक्षा सोपं आणि स्वस्त असतं, तरी बहुतेक मोहिमा सगळी ताकद नव्यांवर घालवतात. देणगी आल्यावर दोन दिवसांत आभार माना. दर तीन महिन्यांनी एक पानाचा हिशेब पाठवा, त्यात प्रत्येक वेळी नवी मागणी घुसवू नका. वर्ष संपायच्या दोन महिने आधी प्रत्येकाला पुन्हा फोन करा. ज्यांनी सोडलं त्यांनाही कळवा की त्यांच्या पैशातून काय झालं.

निधी कमी पडणार असं दिसू लागलं तर ते सर्वांत आधी तुकडीला कळवा, किमान तीन महिने आधी. पगार कोणत्या महिन्यापर्यंत पक्का आहे हे लेखी द्या, म्हणजे त्यांच्या प्रमुखाला दुसरी सोय शोधायला, गस्तीचे मार्ग नव्याने आखायला आणि गेंडे, हत्ती जिथे जास्त असतील त्या भागात उरलेली माणसं आधी लावायला अवधी मिळतो.